त्याच जागी तिसऱ्यांदा!

दापोलीच्या एका आईचं पत्र समोर आहे. मुलगा मालवाहू जहाजावर फिटर. क्रेनचा हायड्रॉलिक होज पाइप त्याच जागी तिसऱ्यांदा फुटला, म्हणून बिचाऱ्याला बोलणी खावी लागली. ‘पाइपच हलका असेल का हो?’ असं त्या विचारतात.

ताई, असेलही. पण तीनदा, आणि त्याच जागी? मला तरी शंका बसवण्याची येते.

मोटारीच्या चाकात हवेचा दाब असतो दोन-अडीच बार. या पाइपात तेल २०० बार आणि त्याहूनही जास्त दाबाने धावतं. दाब चढला की पाइप किंचित आखडतो किंवा लांबतो. म्हणून तो ताणून बसवायचा नाही, थोडी ढील ठेवायची. पाइपावर लांबीभर छापील रेघ असते. ती वेलीसारखी गुंडाळत गेलेली दिसली, तर पीळ पडला समजावं. नट आवळताना पाने दोन हवेत : एकाने पाइपाचं टोक धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. घाईत एकाच पान्यावर काम उरकतात आणि पीळ तिथेच बसतो. टोकापाशी लगेच वळणही नको; जागा अडचणीची असेल तर एल्बो लावावा. जहाज सतत थरथरतं. पाइप लोखंडी कडेला घासला की रबर झिजतं, खारं पाणी आतल्या तारेच्या जाळीला गंजवतं. तिथे क्लॅम्प हवाच.

इंजिन रूममध्ये तर गरम भागापासून पाइप दूरच हवा. फेब्रुवारी २०१३मध्ये ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ या प्रवासी जहाजावर इंधनाचा असाच एक लवचीक पाइप गळला आणि आग लागली. चार हजारांहून अधिक माणसं मेक्सिकोच्या आखातात चार दिवस अडकून पडली.

एक गोष्ट मात्र मुलाला आजच फोनवर सांगा. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून पाहायची. सुईएवढ्या छिद्रातून उडालेलं तेल कातडीखाली शिरतं. दिसायला मुंगी चावल्यासारखं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पण तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही जातो. मालवाहू जहाजावर सहसा डॉक्टर नसतो. तेव्हा लाजून गप्प न बसता लगेच कप्तानाला सांगावं.

आणि हो, आता जो चौथा पाइप बसवला आहे, त्याचा फोटो मागवा. त्यावरची रेघ सरळ आहे का, एवढं कळवा.