गुडघा बदलायला पैसा आहे, वाचवायला नाही

घुग्घुसच्या धुळीविषयी आपण बोलतो ते फुप्फुसापुरते. कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसांतील गाठी आणि त्यांचा संधिवात यांचा संबंध कॅप्लान या डॉक्टरांनी वेल्समधील कामगारांच्या तपासणीतून १९५३ मध्येच दाखवला होता. सिलिकायुक्त धूळ आमवाताचा धोका वाढवते, हे आज वैद्यकशास्त्र मान्य करते. नुकसानभरपाईच्या कायद्याने धुळीने निकामी झालेले फुप्फुस ओळखले. वाकडी झालेली बोटे ओळखली नाहीत.

आमवात म्हणजे म्हातारपणाची गुडघेदुखी नव्हे. शरीराची रक्षणशक्तीच सांध्यांवर उलटते, तीही ऐन कर्त्या वयात आणि पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने स्त्रियांत. सकाळी तासभर बोटे वळत नाहीत, भाकरी थापवत नाही. घरची माणसे तिला आळशी ठरवून मोकळी होतात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघर पाहणी केली, तेव्हा शंभर प्रौढांत सुमारे अठरांना हाडा-सांध्यांचे दुखणे आढळले. आमवात दोनशेंत एकाला. चंद्रपूर-गडचिरोलीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. सिकलसेलच्या रुग्णाचाही खुबा दुखतो, फ्लोराइडचे पाणी पिणाऱ्याचेही सांधे आखडतात, आणि तिघांच्याही हाती तीच वेदनाशामक गोळी पडते.

या रोगाला कायमचा उतारा नाही, लगाम आहे. मेथोट्रेक्सेट हे औषध स्वस्त आहे. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे (रोज घेतले तर जिवावर बेतते, आणि अशा चुका घडतात), दर दोन-तीन महिन्यांनी यकृताची व रक्तपेशींची तपासणी करावयाची, गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच औषध बदलावयाचे. सारा उपचार पाठपुराव्यावर उभा आहे. घुग्घुसहून चंद्रपूर सुमारे २५ किलोमीटर, तेथून नागपूर दीडशे. रोजंदारीचा माणूस मजुरी बुडवून किती वर्षे जाईल? काही महिन्यांत तो थांबतो आणि गल्लीतल्या सुईकडे वळतो. तिच्यातल्या स्टेरॉइडने दोन दिवसांत बरे वाटते, हीच तिची फसवणूक. पुढे चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, आणि सांधे झिजावयाचे ते झिजतातच.

शासनाच्या विमा योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. आयुष्मान भारतमध्ये गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया बसते. तो गुडघा वाचवणारी वर्षानुवर्षांची गोळी बसत नाही. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला यादीत स्थान दिले, आमवाताला नावाने दिले नाही.

पाठपुरावा आपल्याकडे जमत नाही, असे मात्र कोणी सांगू नये. आनंदवन याच जिल्ह्यात आहे. बहुविध औषधोपचार आल्यावर १९८० नंतरच्या दशकात विदर्भातील कुष्ठरोग कार्यकर्त्यांनी महिनोन् महिने रुग्णाला गोळी दिली, चुकलेल्याला घरी जाऊन शोधून काढले.

तेव्हा मागणी नेमकी असावी. घुग्घुसच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एक ठरलेला दिवस, चंद्रपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा डॉक्टर, रक्ताचा नमुना तेथेच, औषध पुढच्या तपासणीपर्यंत पुरेल इतके. रुग्णाच्या हाती त्याचे स्वतःचे कार्ड असावे. कंत्राटदार बदलला तरी ते चालले पाहिजे. खाण आणि सिमेंट कामगारांच्या संघटनांनी हे कलम आपल्या मागणीपत्रात, वेतनाच्या खाली का होईना, घालावे. आणि चुकलेल्या रुग्णाच्या घरी जाण्याचे काम आशा कार्यकर्तीवर टाकावयाचे असेल, तर त्याचा मोबदलाही त्याच कागदावर लिहावा.