‘माइन’चा अर्थ

इंग्रजी भाषेतील ‘माइन’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. त्याचा एक अर्थ ‘माझे’, दुसरा ‘खाण’ आणि तिसरा ‘सुरुंग’. पहिला अर्थ इंग्रजीचा मूळचा. उरलेले दोन फ्रेंचमधून आलेले. खाण आणि सुरुंग यांचे नाते मराठी वाचकांस समजावून सांगावयास नको. १६६० साली शाइस्तेखानाने चाकणच्या किल्ल्याचा बुरूज उडविला, तो जमिनीखालून भुयार खणून आणि त्यात दारू ठासूनच. खाण आणि ‘माझे’ यांचा संबंध मात्र केवळ उच्चारापुरताच आहे. शब्दकोशाला हा भेद कळतो. व्यवहाराला तो कळत नाही, हीच खरी अडचण होय.

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले तिरोडी हे गाव पाहा. भंडारा जिल्ह्यातील तुमसरहून लोहमार्ग तेथे पोचला तो मँगनीजसाठी. १९५६ पर्यंत हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. पुढे मधून सीमा गेली. त्या मुलुखातील मँगनीजचा मोठा भाग पूर्वी एका ब्रिटिश कंपनीच्या हाती होता. १९६२ साली सरकारी भागीदारीने ‘मॉइल’ स्थापन झाली, १९७७ मध्ये ती सर्वस्वी सरकारी झाली आणि २०१० मध्ये तिचे भाग बाजारात आले. ‘तिरोडी माइन’ आज तिच्याकडेच आहे. ‘माझे’ म्हणणारे बदलत गेले. भूगर्भातून निघालेले खनिज मात्र परत आले नाही.

आम्हां गोमंतकीयांची कथा याहून फार निराळी नाही. पोर्तुगीज राजवटीने दिलेले बेमुदत परवाने हीच आपली मालकी, असे येथे दीर्घकाळ मानले गेले. १९८७ च्या कायद्याने त्या परवान्यांचे पट्टे केले. पट्टा म्हणजे मुदतीची वहिवाट, मालकी नव्हे. परंतु ते पचनी पडण्यास २०१२ ची खाणबंदी आणि ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द करणारा २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. दरम्यान ट्रकवाला, बार्जवाला कर्जात बुडाला आणि ज्याच्या शेतात खाणीची माती वाहून आली, त्या शेतकऱ्याकडे कोणी पाहिले नाही.

खनिज हे पीक नव्हे. ते एकदाच निघते. म्हणून त्याची किंमत हे उत्पन्न नसून भांडवल आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिजविक्रीतील दहा टक्के कायम निधीत ठेवण्यास सांगितले, त्यामागील तत्त्व हेच. हा निधी वाढावा, त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभांपुढे यावा आणि मुद्दलास कोणत्याही सरकारने हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंग्रजीत याच शब्दापासून ‘अंडरमाइन’ हे क्रियापद झाले आहे. त्याचा अर्थ खालून पोखरणे. खाणीला जो तो ‘माझी’ म्हणू लागला, की पोखरला जातो तो केवळ डोंगर नव्हे, तर पुढच्या पिढीच्या पायाखालची भूमीही!