कॅनॉलला पाळी, मग स्टोरेजला का नाही?

लॅबचा सर्व्हर रखडला की आपल्याकडे एकच मागणी होते, "नवीन डिस्क घ्या, मोठी घ्या!" माझं स्पष्ट मत आहे की पुष्कळदा डिस्क कमी नसते, वाटणी नसते. सबमिशनच्या आठवड्यात एक जण आख्खा डेटासेट कॉपीला लावतो, त्यातच बॅकअप सुरू होतो, आणि बाकीच्यांना दोन पानांची फाईल सेव्ह करायला टाकून चहा पिऊन यावं लागतं. यात चोरी कोणाचीच नाही. डिस्क माणसं ओळखत नाही. जो जास्त मागेल त्याला जास्त देते.

सिद्धेश्वर किंवा इसापूरच्या कॅनॉलवर ज्यांची शेती आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. वरच्यांनी मोटारी लावल्या की टेलच्या रानात धूळ. म्हणून तर शेजपाळी आली. (ती पाळली किती जाते, हा भाग वेगळा!)

स्टोरेजवर पाळी लावताना मात्र एक गोची आहे. इथं मापं दोन लागतात. एक, सेकंदाला किती एमबी, म्हणजे बँडविड्थ. दुसरं, सेकंदाला किती वेळा वाचलं-लिहिलं, म्हणजे आयओपीएस. ७२०० आरपीएमची साधी डिस्क सलग वाचताना सेकंदाला १५० एमबीच्या आसपास देते. पण डेटाबेससारखं इकडून ४ केबी, तिकडून ४ केबी मागितलं, की हेड हलण्यात आणि चकती फिरण्यातच वेळ जातो. सेकंदाला साधारण ८० वेळाच जमतं. ८० गुणिले ४, म्हणजे फक्त ३२० केबी! नुसती एमबीची मर्यादा घातली, तर बॅकअप सापडेल आणि डेटाबेस निसटेल. लिनक्सच्या सीग्रुपमध्ये या दोन्ही मर्यादा प्रत्येक ग्रुपला वेगळ्या घालता येतात, तेही फुकट.

बरं, मर्यादा चोवीस तास तशीच ठेवणंही शहाणपणाचं नाही. डिस्क मोकळी असताना बॅकअपला बांधून काय मिळणार? व्हीएमवेअरने २०१० मध्ये व्हीस्फिअर ४.१ सोबत जी सोय आणली, तिचा विचार हाच होता : डिस्कला उत्तर द्यायला ठरलेल्यापेक्षा जास्त मिलिसेकंद लागू लागले, तरच वाटणी सुरू.

मग आधी कोणाला? माझ्या मते, ज्याचं काम पुन्हा करता येत नाही त्याला. आपल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. लायगोच्या डिटेक्टरमध्ये मुख्य चॅनेलवर सेकंदाला १६,३८४ नोंदी होतात, बाकीचे हजारो चॅनेल वेगळेच. २०१५ साली अमेरिकेत पकडलेली पहिली गुरुत्वीय लहर जेमतेम ०.२ सेकंद दिसली होती. लिहायचं राहिलं असतं, तर ती परत थोडीच येणार होती? त्याच डेटावर चालणारा विश्लेषणाचा प्रोग्राम तासभर थांबला, तर मात्र काही बिघडत नाही.

आपल्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल परीक्षेतलं सेव्ह हे पहिल्या प्रकारातलं. बॅकअप आणि डेटासेट दुसऱ्या. तेव्हा लॅबच्या सरांना विनंती : परीक्षेच्या वेळेत या दोघांना दोन्ही मापांची मर्यादा घाला, आणि कोणाला किती हे नोटीस बोर्डावर लावा. रात्री अकरानंतर सगळं मोकळं सोडा. हॉस्टेलवर तशीही खरी कामं तेव्हाच सुरू होतात.