बंद खोलीतील पीक आणि विकतची हवा

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हवा आजवर एकाच कामासाठी येत असे. जी वस्तू उपयुक्त आहे पण दुर्मिळ नाही आणि म्हणून जिला किंमत नाही, तिचे ते ठरलेले उदाहरण. अमेरिकेत आणि कॅनडात बंद खोल्यांतून गांजाचे पीक काढणाऱ्या उद्योगाने हे उदाहरण निकामी करून टाकले आहे. कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून आणि कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजाची किरकोळ विक्री कायदेशीर झाली. तेव्हापासून हा उद्योग उघडपणे वाढला आणि त्यातील अनेक लागवडदार हवेचाच एक घटक, कार्बन डाय-ऑक्साइड म्हणजे कर्बवायू, टाक्यांतून विकत घेऊ लागले किंवा इंधन जाळून मुद्दाम तयार करू लागले. या वायूने पीक वाढते काय, एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. तो प्रश्न अपुरा आहे.

त्याचे उत्तर होकारार्थी आहे, हे प्रथमच मान्य करावयास हवे. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. तरीही अनेक वनस्पतींच्या दृष्टीने हा पुरवठा अपुराच आहे. कर्बवायू पकडून त्याची साखर करण्याच्या कामाला पानात रुबिस्को नावाचे विकर जुंपलेले असते. ते मोठे मंद, शिवाय काहीसे गैरसावध. कर्बवायूऐवजी प्राणवायूलाच धरून बसण्याची त्याला खोड आहे आणि त्यापायी कमावलेल्या साखरेचा काही अंश वाया जातो. ऊस, ज्वारी आणि मका यांनी पानातच कर्बवायू गोळा करून या विकरापुढे ठेवण्याची योजना उत्क्रांतीच्या ओघात साधली आहे. भात, गहू, टोमॅटो आणि गांजा यांना ती साधलेली नाही. त्यामुळे जादा कर्बवायूचा लाभ उसाला थोडका आणि गांजाला भरघोस, असा हा न्याय आहे. मिसिसिपी विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांत कर्बवायू ७५० भागांपर्यंत नेल्यावर गांजाच्या पानातील प्रकाशसंश्लेषण सुमारे निम्म्याने वाढले आणि बाष्पोत्सर्जन घटले. कर्बवायू विकणाऱ्यांना याहून चांगली जाहिरात मिळणे कठीण.

परंतु पान म्हणजे पीक नव्हे. काही मिनिटे मोजलेल्या पानाने दाखविलेला उत्साह दोन-तीन महिन्यांनी तराजूत उतरेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. गांजावरच काम करणाऱ्या कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली हेच दाखविले की पानावरील मापनांवरून पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधता येत नाही. प्रकाश वाढवीत गेल्यास उत्पन्न मात्र बरेच दूरपर्यंत वाढत जाते. याचे मर्म जुनेच आहे. जो घटक सर्वांत तुटपुंजा त्याच्यावर वाढ अडते, हे लीबिग याने एकोणिसाव्या शतकात खतांविषयी सांगितले आणि ब्लॅकमन याने १९०५ साली प्रकाशसंश्लेषणाला लागू केले. दिवे मंद असतील, मुळाशी अन्नद्रव्ये कमी असतील, तापमान चुकीचे असेल, तर कर्बवायूचा मारा केवळ व्यर्थ. दिवे प्रखर आणि हवा उबदार असेल तेव्हाच त्याचे चीज होते. तेथेही घटत्या फलाचा नियम सुटत नाही. चारशेवरून आठशे भागांवर जाताना जो लाभ होतो, तो आठशेवरून बाराशेवर जाताना होत नाही. पंधराशेच्या पुढे तर हाती काही लागत नाही. उलट कामगाराच्या श्वासाचा प्रश्न उभा राहतो. आठ तासांच्या पाळीसाठी पाच हजार भाग ही अमेरिकेतील कायदेशीर मर्यादा आहे. हा वायू हवेहून जड असतो आणि त्याला वास नसतो, एवढे सांगितले म्हणजे बंद खोलीतील गळतीचा धोका ध्यानात यावा.

आता खर्चाकडे वळू. विकत घेतलेला वायू निसटू नये म्हणून खोली घट्ट बंद करावी लागते. घट्ट बंद केली की झाडांनी सोडलेली वाफ आणि दिव्यांची उष्णता आतच कोंडते. ती काढण्यासाठी वातानुकूलन हवे, आर्द्रता शोषणारी यंत्रे हवीत, आणि ती रात्रंदिवस चालवावी लागतात. म्हणजे कर्बवायूची किंमत टाकीच्या पावतीवर संपत नाही. ती विजेच्या बिलात दडून बसते. आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. बंद खोलीत दाट पीक असले की ते आतील कर्बवायू ओढून घेते आणि काही तासांतच त्याचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जाते. तेव्हा टाकीतून सोडलेल्या वायूने जी वाढ दिसते, तिचा काही भाग केवळ भिंतींनी केलेल्या उपासमारीची भरपाई असतो. तेवढ्यापुरते काम एक पंखा आणि एक झरोका यांनीही झाले असते.

लागवडदाराच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र खरा आहे. खोली, दिवे आणि मजुरी यांचा खर्च झालेलाच असतो. त्यावर थोडा जादा खर्च करून पाचवा हिस्सा अधिक माल निघत असेल, तर तो का सोडावा? समजा, एका हंगामात शंभर किलो माल निघतो आणि कर्बवायूने तो एकशेवीस होतो. वरच्या वीस किलोंची किंमत वायू व वीज यांच्या जादा खर्चाहून अधिक असेल, तोवर हिशेब बरोबर आहे. पण हा हिशेब बाजारभावावर टांगलेला आहे. बंदीच्या काळात भावात पोलिसांच्या भीतीचा अधिभार असे. बंदी उठली, उत्पादन उसळले, आणि कॅनडात तर न खपलेला माल नष्ट करण्याची वेळ आली. भाव पडले की पहिल्याने डळमळतात ते हेच शेवटचे वीस किलो.

पर्यावरणाची बाजू याहून गंभीर आहे. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली काढलेल्या हिशेबानुसार बंद खोलीत पिकविलेल्या एक किलो वाळलेल्या गांजामागे, स्थळानुसार, २२८३ ते ५१८४ किलो कर्बवायूइतके उत्सर्जन होते. वातानुकूलन, प्रखर दिवे आणि झाडांना पुरविलेला कर्बवायू ही त्याची प्रमुख कारणे. झाडाच्या एक किलो कोरड्या भारात मुरलेला कर्बवायू जेमतेम दीड किलो भरतो. खोड-पाने धरली तरी एक किलो मालामागे हा आकडा पाच किलोंच्या आसपास थांबेल. दोन हजार किलो बाहेर सोडून पाच किलो आत घेण्याच्या या व्यवहाराला झाडांचे पोषण म्हणावे की उधळपट्टी, हे वाचकांनीच ठरवावे.

हे पीक मुळात खोलीत का गेले? गांजाला छपराची गरज नाही. बंगालमधील नौगावची परवान्याखालची लागवड एकोणिसाव्या शतकात उघड्या शेतातच होत असे आणि १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने तिची तपशीलवार नोंद घेतली आहे. अमेरिकेत ते खोलीत गेले ते प्रामुख्याने पोलिसांच्या नजरेपासून लपण्यासाठी. राज्यांनी बंदी उठवली तरी संघराज्याच्या कायद्यानुसार राज्याराज्यांतील व्यापार निषिद्धच राहिला. म्हणून ऊन असो वा बर्फ, प्रत्येक राज्याला आपला माल आपल्याच हद्दीत पिकवावा लागतो. भीतीने बांधलेल्या भिंती भीती ओसरल्यावरही उभ्याच राहिल्या आणि कर्बवायूची टाकी हे त्या भिंतींचे भाडे आहे.

कर्बवायूचा पुरवठा सर्वत्रच असा वाया जातो, असे नाही. हॉलंडमधील वेस्टलँडच्या काचघरांत टोमॅटो व काकडीला तो अनेक वर्षे दिला जातो. तेथे प्रकाश सूर्याचा असतो, हा पहिला फरक. दिवसा वायू जाळून निघालेली उष्णता गरम पाण्याच्या टाक्यांत साठवून रात्री वापरतात, हा दुसरा. आणि २००५ पासून रॉटरडॅमजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा एरवी धुराड्यातून जाणारा कर्बवायू नळाने या काचघरांना पोचविला जातो. त्यामुळे उन्हाळ्यात केवळ कर्बवायूसाठी इंधन जाळणे टळते. टाकाऊ वस्तूला ग्राहक मिळाला, की तिचा वापर समाजाला स्वस्त पडतो. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळी आंबताना शुद्ध कर्बवायू निघतो खरा. परंतु मावळातील गुलाब-जरबेराची बहुतेक हरितगृहे वाऱ्यासाठी बाजूंनी उघडी ठेवावी लागतात. उघड्या घरात सोडलेला वायू घटकाभरही टिकणार नाही. तेव्हा डच पुस्तकातील हा धडा येथे जसाच्या तसा गिरवण्याची घाई कोणी करू नये.

कर्बवायू वाढला तर झाडांचे भलेच होईल, असा एक सोयीस्कर निष्कर्षही या खोल्यांकडे बोट दाखवून काढला जातो. खोलीत खत, पाणी आणि तापमान हुकमी असते. शेतात ते नसते. उघड्या शेतातील प्रयोगांत जादा कर्बवायूचा लाभ बंद कक्षांतल्यापेक्षा बराच कमी आढळला, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा गव्हातील जस्त सुमारे नऊ टक्क्यांनी व लोह पाच टक्क्यांनी घटलेले दिसले. डाळ-भात आणि पोळी यांवरच ज्यांचे पोषण अवलंबून आहे, त्यांना हा तोटा कोणत्याही टाकीतून भरून काढता येणार नाही.

राहिला धोरणाचा प्रश्न. कोलोरॅडोतील बोल्डर परगण्याने गांजाच्या लागवडदारांवर वीजवापराच्या प्रमाणात शुल्क बसविले आहे आणि मॅसॅच्युसेट्स राज्याने दिव्यांच्या क्षमतेवर मर्यादा घातली आहे. दिशा योग्य आहे. मात्र अशा शुल्कात मुद्दाम जाळलेल्या आणि टाकीतून सोडलेल्या वायूचीही मोजदाद झाली पाहिजे, आणि राज्यांच्या सीमा या मालाला खुल्या झाल्या पाहिजेत. कॅलिफोर्नियाच्या उन्हात जे पीक फुकटच्या हवेवर येते, ते कोलोरॅडोच्या हिवाळ्यात दिव्यांखाली काढावयास मग कोणी फारसे धजावणार नाही.