शिवणीतली माया

लग्नसराई तोंडावर आली की आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “घालायला काहीच नाही!” कपाट तर उघडलं की अंगावर पडेल एवढं भरलेलं. खरं दुखणं वेगळं असतं. कपडे आहेत, पण अंगाला येत नाहीत. बाळंतपण, थायरॉइड, डायबिटीस, खुर्चीतली नोकरी. कारण कोणतंही असो, शरीर बदलतं आणि कपाट जुन्याच मापाचं राहतं. बीई झालो तेव्हा माझी कंबर ३२ होती; दहा-बारा वर्षं लॅपटॉपसमोर बसून ती ३६ झाली.

यात फक्त पैशांचा प्रश्न नसतो. मोहगावला माझ्या बाबांचं वजन डायबिटीसमुळे उतरलं. डॉक्टर, औषध, पथ्य सगळं मार्गी लागलं, साखरही ताब्यात आली. (वजन अचानक घटलं किंवा वाढलं तर टेलरच्या आधी डॉक्टरकडे जा.) पण ढगळ पॅन्ट आणि बेल्टला पाडलेली नवी भोकं बघून जो तो विचारायचा, “काऊन गा भाऊ, बिमार होता का?” उत्तरं देऊन कंटाळलेल्या बाबांनी संध्याकाळी चौकात जाणंच सोडलं. शेवटी त्यांच्या चार पॅन्टी गावातल्या टेलरकाकांकडून आत घेऊन आणल्या. पुढच्या आठवड्यात बाबा पुन्हा चौकात! नवा कपडा एकही घेतला नव्हता.

टेलरकाकांचा एक शब्द मला फार आवडतो: माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात ते. ब्लाऊज किंवा कुर्त्याच्या दोन बाजूंना दोन शिवणी, प्रत्येकीत कापडाचे दोन पदर. म्हणजे चार पदर. प्रत्येकातून अर्धा इंच सोडला तर घेर पूर्ण २ इंचांनी वाढतो. पॅन्टची माया कंबरेच्या मागच्या मधल्या शिवणीत असते. रेडीमेड कपड्यात बहुतेक वेळा ती कापून ओव्हरलॉक मारलेलं असतं, म्हणून तो आत घेता येतो, सैल करणं अवघड. त्यामुळे रोजचे शर्ट रेडीमेड घ्या, पण लग्नाकार्याचे महागडे कपडे शक्यतो कापड घेऊन शिवा. आपल्या सौंसर तालुक्यातल्या बोरगावला तर १९९१ पासून रेमंडचा कापड कारखाना आहे. कापड आपल्याला नवीन नाही.

आता कामाचं बघू.

आधी टेपने मापं घ्या: छाती, कंबर, सीट, खांदा, बाही. मोबाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवा. लेबलवरच्या ‘एल’, ‘एक्सएल’वर जाऊ नका. आपल्याकडचे बरेच साइज चार्ट ब्रिटिश-अमेरिकन मापांवरून घेतलेले आहेत. म्हणून तर निफ्ट संस्थेने सहा शहरांत २५ हजार भारतीयांची मापं घेण्याचा ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला. एका कंपनीचा एल दुसरीचा एम निघतो, त्यात आपल्या शरीराचा दोष नाही.

मग कपाट रिकामं करून तीन ढीग करा: बसणारे, दुरुस्त होणारे, निघणारे. कंबर, बाजू, बाही, लांबी यांची दुरुस्ती स्वस्तात होते. खांदा मात्र चुकला तर सगळा कपडा उसवावा लागतो. त्यावर पैसे घालू नका. माझ्या ३२च्या पॅन्टी ३६च्या होणार नव्हत्या, त्या निघाल्या, ३४च्या वाचल्या. ब्लाऊजला माया नसेल तर काखेखाली त्याच रंगाची पट्टी जोडता येते. त्यासाठी ब्लाऊजपीसचा उरलेला तुकडा टेलरकडून परत मागून घ्या. साडीला माप नसतंच. ब्लाऊज सुधारला की साडी परत वापरात येते.

वजन अजून बदलत असेल तर एकदम खरेदी नको. बाळंतपणानंतर बायकोने नाडीचे दोन पायजमे, सैल कुर्ते आणि साड्या यांवर वर्ष काढलं. पुरुषांनाही एक चांगली पॅन्ट आणि दोन शर्ट मधल्या काळाला पुरतात.

आणि घरातल्या घरात फिरवा. बाळाला पहिलं झबलं जुन्या मऊ कापडाचं घालायची आपली रीतच आहे. मग बहिणी-जावांत, भावाभावांत कपडे फिरले तर लाज कसली? अट एकच: धुऊन, इस्त्री करून, बटण लावून द्यायचे. अगदीच विटले त्यांची गोधडी होते, उरलेल्यांवर बोहारणीकडून एखादं पातेलं येतं.

“बारीक झाल्यावर घालीन” म्हणून ठेवलेले कपडे? आवडीचे एक-दोन ठेवा, बाकीचे ज्याला आज बसतात त्याला द्या. रोज कपाट उघडून स्वतःला टोमणा मारून घेण्यात काही अर्थ नाही. आज जे शरीर आहे, त्यालाच आज ऑफिसला, लग्नाला, चौकात जायचं आहे.

येत्या रविवारी टेप आणि ढिगांचं काम उरकून घ्या. आणि पुढच्या वेळी काही शिवायला टाकाल तेव्हा आठवणीने सांगा, “काका, आत इंचभर माया सोडा.”