नशा होत नाही, पण लत लागते : वेपमधल्या निकोटिनचा खरा हिशेब

"सर, यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे. नशा पण होत नाही." वेपचा विषय निघाला की मोठ्या वर्गातली पोरं हे वाक्य हमखास बोलतात. शाळेत आम्ही ऐकतो, घरी पालक ऐकतात. मुलं दरवेळी खोटंच बोलतात असंही नाही. या वाक्यात अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच माणूस जास्त फसतो. म्हणून निकोटिनची खरोखर लत लागते का आणि त्याने नुकसान होतं का, हे दोन प्रश्न वेगवेगळे करून बघितले पाहिजेत.

आधी वस्तू समजून घेऊ. वेप म्हणजे ई-सिगारेट. पेन किंवा पेनड्राइव्हसारखं दिसणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र. आत एक द्रव असतो, तो तापून त्याची वाफ होते आणि ती ओढली जाते. द्रवात ग्लिसरीनसारखे पदार्थ, आंबा-पुदिन्याचे फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. हे निकोटिन सहसा तंबाखूच्या पानातूनच काढलेलं असतं. म्हणजे "तंबाखू नाही" हे पान नसण्यापुरतंच खरं. पानातली जी चीज माणसाला धरून ठेवते, ती वाफेत हजर असते.

आता नशेचं बघू. आपल्या घरांत नशा म्हटलं की शराब आठवते, भान जाणं आठवतं. निकोटिनने तसं होत नाही. ओढणारा माणूस नीट बोलतो, अभ्यास करतो, गाडी चालवतो. त्यामुळे मुलाला वाटतं, हे हराम नशेत मोडत नाही, मग अडचण काय? पण नशा आणि लत हे दोन वेगळे शब्द आहेत, उर्दूतही आणि मराठीतही. नशेत भान जातं. लतीत भान शाबूत राहतं, पण मर्जी आपल्या हातात राहत नाही.

हे घडतं कसं? ओढलेलं निकोटिन फुप्फुसातून रक्तात आणि तिथून साधारण १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि बरं वाटतं. सुमारे दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं आणि शरीर पुन्हा मागायला लागतं. नाही मिळालं तर चिडचिड, डोकेदुखी, लक्ष न लागणं, झोप बिघडणं सुरू होतं. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, मग काही आठवड्यांत त्रास ओसरतो. मुलगा म्हणतो, "ओढलं की टेन्शन जातं." त्यातलं बरंचसं टेन्शन मागच्या झुरक्याचा असर उतरल्यामुळेच आलेलं असतं.

रमजानमध्ये हे आपण दरवर्षी डोळ्यांनी बघतो. जो चाचा दिवसभर भूक-तहान सबुरीने सोसतो, तोच असरनंतर घरच्यांवर खेकसू लागतो. इफ्तारला खजूर तोंडात टाकली न टाकली की पाय गल्लीच्या कोपऱ्याकडे वळतात. पाण्याआधी सिगारेटची आठवण येत असेल, तर लत म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

विज्ञानाने हा प्रश्न केव्हाच निकाली काढला आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९८८ च्या अहवालाने स्पष्ट म्हटलं की तंबाखूचं व्यसन लागतं आणि ते लावणारं द्रव्य निकोटिन आहे. तरीही १९९४ मध्ये सात मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीसमोर शपथेवर म्हणाले की निकोटिनचं व्यसन लागतं असं त्यांना वाटत नाही. "लत लागत नाही" हे वाक्य मुलांनी शोधलेलं नाही, ते आधी विकणाऱ्यांनी म्हटलेलं आहे.

वेपने तर ही लत आणखी सोपी केली. जुन्या पद्धतीचं निकोटिन जास्त प्रमाणात ओढलं की घसा जळतो आणि नवखा माणूस थांबतो. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'जूल'ने निकोटिनचे क्षार वापरले. त्याने घसा फारसा जळत नाही, त्यामुळे जास्त निकोटिन सहज आत जातं. तिकडे हायस्कूलमध्ये ई-सिगारेट ओढणाऱ्या मुलांचं प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होतं, ते २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर गेलं. पुढे कडक नियम आणि जागृतीमुळे ते बरंच खाली आलं. म्हणजे हा पूर आवरता येतो, हेही त्याच आकड्यांतून दिसतं.

आता नुकसानीचा प्रश्न. इथे आपणही इमानदारीने बोललं पाहिजे. मुलांना भीती दाखवायला काहीही सांगितलं तर ती मोबाईलवर शोधतात आणि आपल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाहीत. सिगारेटमुळे होणारा कर्करोग मुख्यतः जळलेल्या तंबाखूच्या धुरातल्या विषांमुळे होतो. निकोटिनला कर्करोगकारक द्रव्यांच्या जागतिक यादीत टाकलेलं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा गंभीर आजार झाला आणि ६८ जण दगावले. त्यामागे मुख्य संशय निकोटिनवर नव्हता. गांजातलं द्रव्य असलेल्या वेपमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट त्याला जबाबदार धरलं गेलं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये वेपिंग हे सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज मांडला होता. त्यावर वाद झाले, पण वेप सिगारेटपेक्षा कमी घातक आहे यावर तिथले बहुतेक डॉक्टर सहमत आहेत.

पण ही तुलना कुणासाठी आहे? वीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसासाठी. ज्या पंधरा वर्षांच्या मुलाने कधी बिडीला हात लावला नाही, त्याची तुलना स्वच्छ हवेशी करायची. तोच इंग्लंड सांगतो की जो सिगारेट ओढत नाही त्याने वेपही ओढू नये. तिथे अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद आहे, आणि १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या वेपवर बंदी आली आहे.

शिवाय निकोटिन स्वतः निरुपद्रवी नाहीच. त्याने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. गरोदरपणात ते बाळापर्यंत पोचतं आणि त्याच्या मेंदू-फुप्फुसांच्या वाढीला बाधा आणतं. माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, त्या वयात लागलेली लत लक्ष आणि स्वभाव दोन्हींवर परिणाम करते. आणि वेपचा द्रव लहान मुलाने गिळला तर ते सरळ विष आहे, जीवही जाऊ शकतो.

आपल्या देशात डिसेंबर २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कोकणातल्या घरांनी हे विशेष लक्षात घ्यावं. दुबईत २०१९ पासून वेप कायदेशीर मिळतं. आखातातून येणाऱ्या भाईने अत्तर आणि चॉकलेटबरोबर हौसेने एखादं आणलं, तर इकडे ते बंदी असलेला माल ठरतं.

एक गोष्ट मात्र आपल्यालाही टोचली पाहिजे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धुराचा तंबाखू घेणारे प्रौढ ३.८ टक्के, तर मिश्री, खैनी, गुटख्यासारखा बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के आढळले. दादी सकाळी मिश्री लावते, वालिद जेवणानंतर तंबाखू मळतात, आणि दोघं मिळून नातवाच्या वेपवर रागावतात. निकोटिन तिन्हीकडे एकच आहे. वर मिश्री-गुटख्याने तोंडाचा कर्करोग होतो, ती हलकी चीज नाही. मुलाला हे दिसतं.

म्हणून मारझोड आणि आरडाओरड यांनी काम होणार नाही. आधी विचारा, किती दिवसांपासून आणि दिवसातून कितीदा. सकाळी उठल्या उठल्या हवं वाटत असेल, तर लत बसलेली आहे असं समजा आणि डॉक्टरकडे न्या. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, मोठ्यांसाठीही. रमजान तर तयार संधी आहे. जो तेरा-चौदा तास रोज थांबू शकतो, तो इफ्तारनंतरचे तासही थोडे थोडे वाढवू शकतो. जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी नशेबरोबर लतीवरही बोलावं.

शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, हे आपण मुलांना शिकवतो. ते त्यांच्या मनात उतरावं असं वाटत असेल, तर या वर्षी घरातली मिश्रीची डबी आणि तंबाखूची पुडीही बाहेर निघाली पाहिजे.