सावली मोजणारी उजळणी

आज 28 फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. राज्यभरातल्या शाळांच्या फलकांवर आज रंगीत खडूंनी चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे चित्र निघाले असेल. परिपाठात एखादी मुलगी धीटपणे त्यांची माहिती सांगेल. व्हरांड्यात थर्माकोलच्या सूर्यमाला आणि खायचा सोडा घालून फसफसणारे ज्वालामुखी मांडले जातील. हे सारे हवेच. विज्ञानाला वर्षातून एक दिवस मिरवायला मिळतो, याचा आम्हांला आनंदच आहे. काळजी वाटते ती मार्चची. मार्च लागला की सहावी ते आठवीच्या वर्गांत उजळणी सुरू होते आणि त्या उजळणीत आजच्या दिवसातले काहीच उरत नाही. टेबलावरचे साहित्य पुन्हा कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागते आणि प्रश्नोत्तरांच्या वह्या बाहेर येतात.

ही उजळणी कशी चालते ते घरोघरी ठाऊक आहे. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, फरक स्पष्ट करा, शास्त्रीय कारणे लिहा. बाई प्रश्न सांगतात, मुले एका सुरात उत्तर देतात. घरी आई वही हातात धरून तेच प्रश्न विचारते, एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. ‘वनस्पती स्वतःचे अन्न स्वतः तयार करतात’ हे वाक्य बिनचूक म्हणणाऱ्या मुलाला ते अन्न नेमके कशापासून होते असे विचारले, तर बहुतेक वेळा ‘मातीतून’ असे उत्तर येते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून लाकूड तयार होते, आपण टेकून बसलो आहोत तो आंब्याचा बुंधा बराचसा हवेतून आला आहे, ही थक्क करणारी गोष्ट पाठांतराच्या ओघात मुलाच्या कानावरून निघून गेलेली असते.

पाठांतर मुळातच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. पाढे पाठ असलेच पाहिजेत, मूलद्रव्यांच्या संज्ञाही पाठ असाव्यात. पण विज्ञानाची उजळणी म्हणजे उत्तरांची उजळणी, हा जो समज रुजला आहे तो चुकीचा आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आजच्याच दिवसाच्या इतिहासात आहे.

1921 साली रामन इंग्लंडहून बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राची निळाई त्यांनी डेकवरून पाहिली. समुद्र निळा का दिसतो, याचे उत्तर त्या काळी तयार होते आणि तेही लॉर्ड रॅले यांच्यासारख्या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाचे: ते आकाशाचे प्रतिबिंब. रामन यांनी हे उत्तर डोळ्यांनी तपासून पाहायचे ठरवले. त्यांच्याजवळ एक छोटा निकोल प्रिझम होता. तो योग्य कोनात धरला की पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश बराचसा अडतो. त्यातून त्यांनी समुद्र पाहिला. आकाशाचे प्रतिबिंब पुसले गेले, तरी निळाई राहिलीच. म्हणजे ती पाण्याचीही होती. ‘नारकुंडा’ ही बोट मुंबई बंदरात पोहोचली तेव्हा या विषयावरचे पत्र त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकासाठी लिहून ठेवले होते, आणि त्या पत्रावर मुंबई बंदराचाच पत्ता आहे. द्रवातून प्रकाश कसा विखुरतो याचा माग काढता काढता सात वर्षांनी कोलकात्याच्या बहूबाजारातल्या प्रयोगशाळेत, के. एस. कृष्णन यांच्या साथीने, ते आज आपण साजऱ्या करत असलेल्या शोधापर्यंत आले. सुरुवातीच्या प्रयोगांत सूर्यप्रकाश, रंगीत काचा आणि पाहणाऱ्याचा डोळा एवढीच मुख्य सामग्री होती. 1930 साली नोबेल मिळाले. सुटलेले गणित पुन्हा सोडवून पाहण्यापासून हे सगळे सुरू झाले. रामन यांची माहिती सांगणाऱ्या मुलीच्या भाषणात जन्मसाल, पदव्या आणि पुरस्कार असतात. तो प्रिझम डोळ्याला लावून डेकवर उभा राहिलेला माणूस मात्र फार क्वचित असतो.

आता सहावी-सातवीच्या वर्गातला आपला नेहमीचा प्रयोग घेऊ. ताटलीत थोडे पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा पेला पालथा. ज्योत लहान होत विझते आणि पाणी पेल्यात चढते. याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या असे लिहिले गेले: हवेत ऑक्सिजन सुमारे एक पंचमांश असतो, मेणबत्तीने तो वापरला, म्हणून पाणी एक पंचमांश भागापर्यंत चढले. उत्तर इतके नेटके आहे की शंका घ्यावीशी वाटत नाही. पण उजळणीच्या तासाला हाच प्रयोग नीट डोळे उघडून पुन्हा करा. पाण्यात चिमूटभर हळद टाका म्हणजे पातळी स्पष्ट दिसेल. आधी एक मेणबत्ती लावा, मग त्याच पेल्याखाली तीन लावा. तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढते. ऑक्सिजन तर दोन्ही वेळी तेवढाच होता. आणखी लक्ष देऊन पाहणारी मुले सांगतील की मेणबत्ती जळत असताना पाणी फारसे हलतच नाही. ते भराभर चढते ते ज्योत विझल्यावर. कधी कधी पेला ठेवतानाच कडेने बुडबुडे निसटताना दिसतात.

इथे वर्गात गडबड सुरू होते आणि ती होऊ द्यावी. कारण खरे स्पष्टीकरण मुलांच्या हाताशी आलेले असते. ज्योतीने हवा तापते, पसरते, काही बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. जळताना तयार झालेली वाफही थंड होऊन पाणी होते. ऑक्सिजन खर्च होतो हे खरे, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो, आणि पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच ज्योत मावळते. एका मेणबत्तीत ज्वलन, हवेचा दाब, उष्णतेने होणारे प्रसरण, संघनन असे चार पाठ एकत्र येतात. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर नाताळच्या सुटीत केवळ मेणबत्तीवर व्याख्यानमाला गुंफली होती, ती उगीच नव्हे. चार पाठांच्या वेगवेगळ्या प्रश्नपेढ्या घोकण्यापेक्षा हा एक तास मुलांना अधिक देऊन जातो, असे आम्ही ठामपणे म्हणतो.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा, त्याला मेणबत्तीही लागत नाही. पटांगणात एक मीटरची सरळ काठी ओळंब्यात उभी करायची आणि बारा ते सव्वाच्या दरम्यान दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो, असे आपण सहज बोलतो. आजच्या तारखेला मुंबईत सावली सर्वांत आखूड होते ती बारा वाजून पन्नास मिनिटांच्या आसपास, पुण्यात त्याच्या चारेक मिनिटे आधी, नागपुरात तर साडेबाराच्या आतच. कारण आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि एक अंश रेखांश म्हणजे चार मिनिटे. भूगोलाच्या पुस्तकातले हे वाक्य काठीच्या सावलीने मुंबईच्या आणि नागपूरच्या मुलांना वेगवेगळे दिसते. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि आसाच्या कलामुळे फेब्रुवारीत आणखी बारा-चौदा मिनिटांची भर पडते, हे हवे तर आठवीच्या मुलांना सांगावे. सहावीत एवढे पुरे की घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा एक नसतात.

आणि सूर्य डोक्यावरही नसतो. आज मुंबईत एक मीटर काठीची सर्वांत आखूड सावली सुमारे 51 सेंटिमीटर पडेल. 21 मार्चच्या सुमारास तीच 35 सेंटिमीटरवर येईल. दर आठवड्याला मोजत गेले तर उन्हाळा कसा चढतो, ते मूल फूटपट्टीवर वाचू लागते. मे महिन्यात, सावंतवाडीकडे पहिल्या आठवड्यात, मुंबईत मध्यावर, नागपुरात अखेरच्या आठवड्यात, एका दुपारी ती सावली काठीच्या पायाशी नाहीशी होते. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जाते, म्हणून आपल्या प्रत्येक गावाला हा शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा मिळतो. दिल्लीच्या मुलांना तो कधीच मिळत नाही.

ऋतू का होतात, या प्रश्नावर ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा’ असे सांगणारी माणसे मोठ्या वयातही भेटतात. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण शेकोटीपाशी बसलेले असतो तेव्हा. चंद्राच्या कलांचे खापर पृथ्वीच्या सावलीवर फोडणारेही तितकेच. या माणसांनी शाळेत उत्तरे नीट लिहिली होती, त्यांना गुणही मिळाले होते. अकरा ते चौदा हे वय असे असते की मनात आधीच घर करून बसलेली समजूत आणि पुस्तकातले वाक्य या दोघांना मूल शेजारी शेजारी ठेवू शकते. एक परीक्षेसाठी, एक स्वतःसाठी. पाठांतराची उजळणी पहिल्यावर रंग चढवते आणि दुसरीला हातही लावत नाही. ती समजूत हलते ती डोळ्यांदेखत काही वेगळे घडले तरच.

हे स्वप्नरंजन आहे, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही मध्य प्रदेशातल्या होशंगाबादची आठवण करून देऊ. 1972 साली तिथल्या 16 माध्यमिक शाळांत, म्हणजे आपल्या सहावी ते आठवीत, प्रयोगांवर उभा असलेला विज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो हाती घेतला, पुढे ‘एकलव्य’ने चालवला. गावच्या सरकारी शाळांत तो चालला आणि शेकडो शाळांपर्यंत पोहोचला. त्यातली आम्हांला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे परीक्षा. लेखी परीक्षेला मुले पुस्तक आणि वही उघडून बसत, आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी होई. जे उघड्या पुस्तकातून उतरवता येत नाही, तेच विचारायचे म्हटल्यावर शिकवण्याची रीत आपोआप बदलली. 2002 मध्ये तिथल्या सरकारने हा कार्यक्रम बंद केला, ही त्या मुलांची मोठी हानी होती. पण तिथे 1970 च्या दशकात गेलेले अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या यांतून भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या, आणि पुढे पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंची खेळणी महाराष्ट्रभरच्या मुलांपर्यंत पोहोचवली. साहित्य नाही, ही सबब त्यांच्या कामानंतर टिकत नाही.

बाकीच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. अनेक शाळांत विज्ञान आणि गणित एकाच शिक्षकाकडे असते, कुठे दोन वर्ग एकत्र बसतात. काचेचे सामान फुटले तर भरपाईची भीती असते. शाळाबाह्य कामांनी शिक्षकांचे दिवस खाल्ले जातात, यावर याआधीही आम्ही लिहिले आहे. मार्चच्या मध्यावर सकाळची शाळा सुरू झाली की दुपारची सावली मोजायला पटांगणात कोणी उरत नाही. तरीही वाट बंद नाही. बालभारतीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांत पानोपानी ‘करून पहा’च्या चौकटी आहेत. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रात्यक्षिकाला आधीच जागा दिलेली आहे. नवा शासन निर्णय लागत नाही. मुख्याध्यापकांनी मार्चमधल्या विज्ञानाच्या तासांपैकी निम्मे तास ‘करून पहा’साठी राखून ठेवावेत, कपाटाची किल्ली वर्गात ठेवावी, आणि प्रात्यक्षिकाच्या रकान्यात गुण भरण्याआधी प्रात्यक्षिक घ्यावे, इतकीच आमची मागणी आहे.

पालकांकडूनही एक अपेक्षा आहे. प्रश्नोत्तरांची वही अर्धा तास बाजूला ठेवा. पांढऱ्या कापडावर हळदीचा डाग पाडून त्यावर साबण चोळू द्या आणि तो लाल का झाला, मग लिंबू पिळल्यावर पुन्हा पिवळा का झाला, हे मुलालाच सांगू द्या. चुकले तर लगेच दुरुस्त करू नका. चुना लावून पाहू, सोडा लावून पाहू, असे म्हणा.

आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती की यंदाच्या वार्षिक परीक्षेत एक प्रश्न असा घालावा: एका पेल्याखाली एक मेणबत्ती आणि तशाच दुसऱ्या पेल्याखाली तीन मेणबत्त्या पेटवल्या, तर पाणी कोणत्या पेल्यात जास्त चढेल? तुम्ही काय पाहिले ते लिहा, आकृती काढा, आणि असे का झाले असावे याचा तुमचा अंदाज मांडा. उत्तर वेगळे आले तरी निरीक्षण खरे असेल, तर पूर्ण गुण द्यावेत.